त्रेचाळीस पॉइंट चार

३ ऑगस्ट

प्रिय ढमे,

दोन वर्षं पत्र नाही म्हणून आधीच कान पकडते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. काल मुंगीला हॉस्टेलवर सोडून आले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीला गज आहेत, दोन गजांत चार बोटांचं अंतर आहे, मी मोजलं. खोलीतली दुसरी मुलगी चांगली वाटली, फक्त तिने मुंगीसमोरच मला विचारलं, "काकू, तुम्हीपण इथेच राहणार का?" मुंगी खो खो हसली. मी नाही हसले.

ती कशी जन्मली ते तुला वेगळं सांगायला नको. तीस आठवड्यांची, एक किलो एकशेऐंशी ग्रॅम, आपण दोघी नर्स होतो त्याच वॉर्डात, आपल्याच काचेच्या पेटीत. मुंगी हे नावही तूच ठेवलंस. सदतीस दिवस मी त्या पेटीबाहेर बसून होते. पोर अठरा वर्षांची झाली तरी मी तिथून उठलेच नाही, असं आमच्या घरी म्हणतात. घरी म्हणजे हे म्हणतात. पहाटेपासून बेकरीत पीठ मळणाऱ्या माणसाला जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते काय कळणार!

आता मुद्द्याचं. पोरीने जाताना माझ्याशी तह केलाय. फोन फक्त खरोखरची अडचण आली तर, एरवी पत्रं. प्रवेशाच्या कामाला ती बाबांबरोबर दोन दिवस गेली होती तेव्हा मी सव्वीस फोन केले, ते तिने मोजून ठेवले होते. मोजायची सवय कुठून लागली, हे मी विचारलं नाही.

तू तिथल्या आरोग्य केंद्रात आहेस हे तिला ठाऊक नाही. तू इथून गेलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती, तुला ओळखणार नाही. खरं सांगू? चार विद्यापीठांतून मी याच विद्यापीठाला हो म्हटलं ते तुझ्यामुळे. तिला वाटतं वाद तिने जिंकला. वाटू दे. तू फक्त नजर ठेव. आठवड्याला एक पत्र: खाणं, झोप, वजन, खोकला. सोबत तक्ता जोडलाय, नुसते रकाने भरायचे. फोन करू नकोस. घरी हे ऐकतात आणि वॉर्डात भिंती ऐकतात.

एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
घड्याळबाई


११ ऑगस्ट

घड्याळबाई,

तक्ता पोचला. चौदा रकाने! त्यात शौचाचासुद्धा एक! अगं, ती शिकायला आली आहे, पेटीत नाही. तक्त्याची घडी करून मी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. टेबल आता झकास उभं आहे.

पण तुझी मुंगी मला शोधावी लागली नाही. चौथ्याच दिवशी आपल्या पायांनी आली, बोटाला रुमाल गुंडाळून. सफरचंद कापताना लागलं म्हणे. मी म्हटलं, "कधी सुरी धरली नव्हतीस का गं?" तर म्हणते, "घरी कापलेलंच मिळायचं." मी पट्टी बांधली. पट्टी किती दिवस ठेवायची, भिजली तर काय करायचं, सगळं तिने वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिलाच बांधायला लावली. तीन वेळा सुटली, चौथ्यांदा जमली. चेहरा असा की जणू कोणाचं ऑपरेशनच केलं.

तेव्हापासून येते अधूनमधून. स्टुलावर बसते आणि बोलते. मला आपणहून मावशी म्हणायला लागली. हे काही बरोबर नाही, घड्याळे, मला कळतंय. पण ट्रेनिंगमध्ये मी काविळीने पडले तेव्हा तू माझ्या सलग सहा ड्यूट्या केल्यास आणि आजवर एकदाही बोलून दाखवलं नाहीस. तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं माझ्याच्याने होणार नाही. मात्र वजन केलेलं नाही. बोट कापलेल्या मुलीचं वजन कशाला करू?

तुझी,
ढमी


१६ ऑगस्ट

प्रिय आई (आणि बाबा, आई मोठ्याने वाचून दाखवत असेल तर),

मी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिलंय, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

इथे सगळ्यात अवघड काय आहे सांगू? अभ्यास नाही. कॅन्टीन. वाढणाऱ्या काकू विचारतात, "किती वाढू?" आणि मला सांगताच येत नाही. आई, मला भूक लागली आहे की नाही ते मला कळत नाही. घरी तू सांगायचीस, "तुला भूक लागली असेल," आणि मी जेवायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" मागची अख्खी रांग हसली.

दुसरी गोष्ट रस्ता. फाटकासमोरचा रस्ता रुंद आहे आणि सिग्नल बिघडलेला. मी वीस मिनिटं कडेला उभी होते. मग एक म्हातारे आजोबा आले आणि म्हणाले, "पोरी, मला जरा पलीकडे नेतेस?" मी त्यांचा हात धरला आणि डोळे जवळजवळ मिटून चालत सुटले. पलीकडे गेल्यावर त्यांनी मला आशीर्वाद दिला. मी त्यांना खरं काही सांगितलं नाही.

दगडांचा अभ्यास फार आवडतोय. सर म्हणाले, दगडाला घाई नसते, तुम्हीही करू नका. मला तर वाटलं ते माझ्याशीच बोलत आहेत.

आणि एक छान माणूस भेटलं आहे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला काहीच विचारत नाहीत, म्हणून मी त्यांना सगळं सांगते. (बोट जरा कापलं होतं. बरं झालं. फोन करू नकोस.)

तुमची,
मुंगी


२१ ऑगस्ट

प्रिय मुंगी,

पत्र मिळालं. यांनी दोनदा वाचलं, मी किती वेळा ते सांगत नाही.

सफरचंद कापताना सुरी आपल्याकडे ओढायची नाही. खाली पाट ठेवायचा. बोटं आत वळवून धरायची. किंवा तसंच चावून खा, पण आधी धू. तो रस्ता ओलांडूच नकोस. पलीकडे असं काय आहे? कॅन्टीनमध्ये सांगायचं, मध्यम. कशालाही मध्यम म्हटलं की चुकत नाही.

त्या आरोग्य केंद्रातल्या बाई चांगल्या दिसतात. कोण आहेत, कुठल्या, काही कल्पना नाही. पण जात जा त्यांच्याकडे. मोठ्या माणसाची सोबत असलेली बरी.

तुझी खोली मी झाडते, बाकी काही हलवलेलं नाही. बाबांनी बिस्किटं पाठवली आहेत. डब्याचं झाकण घट्ट आहे, दाताने उघडू नकोस.

तुझी,
आई


१० सप्टेंबर

ढमे,

घाईत लिहिते, डबल ड्यूटी आहे. मुंगीचं पत्र आलं. ऑक्टोबरात दहा दिवसांचा कॅम्प आहे म्हणे. डोंगरात राहायचं, तंबूत. दोराला धरून ओढा ओलांडायचा. दगड फोडायचे. पाठीवर स्वतःचं सामान. आणि हे सगळं तिने असं लिहिलंय की जणू बागेत फिरायला जाणार आहे!

कॅम्पला जायचं तर तुमच्या केंद्रातून दाखला लागतो. सही डॉक्टरांची असते, पण कागद तू भरतेस. ढमे, एकच शब्द लिहायचा आहे. अनफिट. तिचं काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी जाईल, जरा अंगात ताकद आली की. लहानपणी तिची छाती कफाने किती वेळा भरली ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय.

मी कधी खोटा आकडा लिहिलेला नाही, तुला ठाऊक आहे. तुला लिहायला सांगते आहे, यावरून माझी काय गत झाली असेल ते समज.

घड्याळबाई


१५ सप्टेंबर

घड्याळबाई,

नाही.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस गप्प बसले, कारण लगेच लिहिलं असतं तर तोंडाला येईल ते लिहिलं असतं. काल मुंगी तपासणीला आली. छाती स्वच्छ. रक्तदाब उत्तम. चार जिने चढून उतरायला लावले, धाप लागली नाही, वर जाऊन मला खिडकीतून हात करत होती. वजन त्रेचाळीस पॉइंट चार. बारीक आहे, पण तू तिच्या वयाची असताना कोणती पैलवान होतीस? डॉक्टरांनी सही केली. मी फिट लिहिलं. काट्यावरून ती अशी उडी मारून उतरली की काटा अजून हलतो आहे.

जाताना म्हणाली, "मावशी, आईला वाटतं मी अजून पेटीतच आहे. पण मी तिच्यावर रागावत नाही. तिने मला किती दिवस हातातसुद्धा घेतलं नव्हतं, मग सोडायचं कसं ते तिला कोण शिकवणार?"

हे तुला सांगायला नको होतं. तिने ते मला सांगितलं होतं, तुला नाही. मी आता घरी गेल्यावर आरशात बघायचं टाळते. हे तुझं माझं काय चाललंय, घड्याळे?

ढमी


१९ सप्टेंबर

प्रिय मुंगी,

तुझा उत्साह समजतो. पण कॅम्पला जाऊ नकोस, असं मला वाटतं. मी हुकूम सोडत नाही, समजावते आहे. डोंगर काही कुठे पळून जात नाही. तुझ्या सरांनीच सांगितलंय ना, दगडाला घाई नसते?

तुझ्या अंगात अजून ताकद नाही. त्रेचाळीस पॉइंट चार वजनाच्या मुलीने पाठीवर दहा किलोचं ओझं घेऊन ओढे ओलांडायचे नसतात. हे साधं गणित आहे. ओझं वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा होतं. कोणाही जाणकाराला विचार.

तू शहाणी आहेस. सरांना सांग, घरून परवानगी नाही, म्हणजे तुला कमीपणा येणार नाही. सगळा दोष माझ्यावर टाक. मला चालेल.

तुझी,
आई


२४ सप्टेंबर

आई,

घर सोडल्यापासून माझं वजन एकदाच झालं आहे. आरोग्य केंद्रात, चौदा तारखेला, मावशींच्या काट्यावर. तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तो आकडा कोणाला सांगितला नाही. तुला तर नाहीच.

दुसऱ्या कोणाच्या आईने "चाळीस-पंचेचाळीस" लिहिलं असतं आणि मला कळलंही नसतं. तुला पॉइंट चार सोडवला नाही.

मी मावशींना जाऊन विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, हे विद्यापीठ मी निवडलं. मला वाटलं होतं, मावशी मी शोधली. आई, इथे आल्यापासून माझी म्हणून मी दोनच गोष्टी मोजत होते, त्या दोन्ही तुझ्याच निघाल्या.

मी कॅम्पला जाते आहे. काही दिवस पत्र लिहिणार नाही. तू येऊ नकोस. आलीस तर मी भेटणार नाही.


२७ सप्टेंबर

घड्याळबाई,

तुला तिचं पत्र मिळालंच असेल. ती माझ्या दारात उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "तुम्ही माझ्या आईला ओळखता?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून." ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने स्टूल उचललं, भिंतीशी नीट ठेवलं आणि गेली.

म्हणून आजपासून ऐक. मी तुझी मैत्रीण आहे, मरेपर्यंत राहीन. पण तिच्याबद्दलचा एक शब्दही माझ्याकडून तुला मिळणार नाही. चांगला नाही, वाईट नाही. ती इथे परत पाऊल टाकेल की नाही देव जाणे. पण टाकलं, तर या दाराआड जे होईल ते तिचं असेल. उद्या तिला खरंच काही झालं आणि तुझ्या कानावर जाईल या भीतीने ती माझ्याकडे आलीच नाही, तर? याचा विचार तू केलास? मीही केला नव्हता.

रजा काढून येशील, मी तुला ओळखते. येऊ नकोस.

ढमी


४ ऑक्टोबर

प्रिय मुंगी,

मी तिकीट काढलं होतं. काल रद्द केलं. हे उपकार म्हणून सांगत नाही, खरं काय ते सांगायचं ठरवलंय म्हणून सांगते.

मी चोरी केली. तुझी मावशी तुझी तुलाच सापडली असं तुला वाटलं, पण मी ती आधीच पेरून ठेवली होती. आणि ढमीला मी तुझ्या दाखल्यावर अनफिट लिहायला सांगितलं होतं. हे तिने तुला सांगितलं नसणार. तिने नाही म्हटलं. चूक माझी आहे, तिची नाही. तिचं स्टूल तिला परत मिळू दे.

तू पेटीत होतीस तेव्हा मला तुला हात लावायची परवानगी नव्हती. बघायचं आणि लिहायचं, एवढंच करता यायचं. दर तासाला मी लिहायचे: श्वास इतके, ठोके इतके, वजन इतकं. आकडा बरोबर लिहिला की मला वाटायचं, मी तुला कुशीत घेतलं. नंतर तू कुशीत आलीस, तरी माझा हात लिहायचा थांबला नाही.

आमच्याकडे ड्यूटी संपली की बाळ तसंच टाकून निघता येत नाही. पुढच्या सिस्टरला पाळण्याशी उभं करून सगळं सांगायचं आणि चार्ज द्यायचा. चार्ज दिला की निघायचं. काही जणी निघत नाहीत, रेंगाळतात, जाता जाता हात लावतात. मी नव्या पोरींना त्यावरून ओरडते. कारण दोघींनी औषध दिलं की बाळाला दुप्पट जातं. माणूस प्रेमाने देतो, पण दुप्पट ते दुप्पटच. हे मी वॉर्डात वीस वर्षं शिकवते आहे, आणि घरी एक दिवस पाळलं नाही.

म्हणून आज देते. मुलगी, वय अठरा वर्षं चार महिने. छाती लहानपणी तीनदा भरली होती, आता ठीक. दूध आवडतं. गर्दीला घाबरते. अंधारात झोपू शकत नाही, दिवा लागतो. गाणं ऐकताना पाय हलवते. कुठे दुखत असलं तर सांगत नाही, बघून ओळखावं लागतं. हट्टी आहे. हसली की डावा डोळा अधिक बारीक होतो. तिच्यावर जीव टाकणारी दोन माणसं घरी आहेत, पण ती आता ड्यूटीवर नाहीत.

चार्ज तुझ्याकडे. मी निघते.

आई

ता. क. आई पिशवी घेऊन आपल्या घराच्या फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत आली. मी तिला दुकानात बसवून पाव मोजायला लावलं आहे. सांभाळून जा, बेटा. — बाबा


२३ ऑक्टोबर

प्रिय घड्याळबाई,

म्हटलं तुला चार ओळी लिहाव्यात. इकडे सगळं नेहमीसारखं. खिडकीतल्या कुंडीत मी जे झाड लावलं होतं ते झाड नसून तण निघालं, पण आता इतकं वाढलंय की उपटवत नाही. आज जरा निवांत आहे म्हणून बसल्या बसल्या ट्रेनिंगचे दिवस आठवत होते. आपल्या मेट्रनबाई आठवतात? चादरीच्या कोपऱ्याला सुरकुती दिसली की सगळा पलंग मोडायच्या. मी आज एक पलंग घातला तो त्यांना दाखवावा असा होता. आणि ती तुझी पिवळी छत्री आठवते? ती कोणी पळवली ते मला माहीत होतं. मीच.

गुडघे दुखतात. चहा वाढलाय. तू जेवतेस ना वेळेवर? घड्याळ आहेस म्हणून विचारते.

बाकी काही विशेष नाही.

ढमी


२ नोव्हेंबर

प्रिय आई,

चार्ज मिळाला. पण तुझ्या नोंदीत चुका आहेत, त्या आधी दुरुस्त करते.

दूध मला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. मी ते बाथरूममधल्या मोरीत ओतायचे, आठवीपासून. गर्दीला मी घाबरत नाही. गर्दीत तू माझा हात इतका घट्ट धरायचीस की बोटं दुखायची, म्हणून माझं तोंड तसं व्हायचं. आणि दिवा मला लागत नाही, आई. दिवा तुला लागायचा. मी श्वास घेते आहे ना ते बघायला तू दाराशी यायचीस, मग मी मुद्दाम जोरात श्वास घ्यायचे, म्हणजे तू जाऊन झोपशील.

बाकीचं बरोबर आहे. डाव्या डोळ्याचं मला माहीत नव्हतं. आरशात हसून पाहिलं. खरं आहे.

कॅम्प झाला. ओढा ओलांडला, दोर सुटला नाही, चप्पल सुटली. दोन्ही गुडघे खरचटले, पट्टी मीच बांधली, माझीच नाही तर आणखी तिघांची. आणि तिसऱ्या दिवशी पाच तास चालल्यावर पोटात असं काही झालं की मी घाबरून खालीच बसले. मला वाटलं आजारी पडले. बरोबरची मुलगी म्हणाली, "अगं येडे, भूक लागली आहे तुला." आई, भूक लागली की असं वाटतं होय! मी तीन ताटं जेवले. कोणी विचारलं नाही, मीच मागितलं.

आता दुसरं. हे मी दहा दिवस उशिरा सांगते आहे आणि मुद्दाम सांगते आहे. परत आल्यावर मला ताप आला. पहिला दिवस मी खोलीतच काढला, कारण कुठे जायचं हा प्रश्न होता. जिच्याकडे जायचं तिच्यावर माझा राग होता. दुसऱ्या दिवशी उठताना भिंत धरावी लागली. तेव्हा मी विचार केला की ड्यूटीवर कोण आहे? मीच. मग ड्यूटीवरच्या सिस्टरने रुसून कसं चालेल? खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, मला आरोग्य केंद्रात ने. मावशींना दारातच सांगितलं, "आईला कळवायचं नाही." त्या म्हणाल्या, "केसपेपर तुझा आहे." तीन दिवस तिथल्या पलंगावर होते. त्यांनी चादर इतकी ताणून घातली होती की कूस बदलायला भीती वाटायची.

बरी झाले. पूर्ण. स्टूल परत जागेवर आलं आहे. मावशींवर थोडा राग आहे अजून, तो मी हळूहळू संपवणार आहे, एकदम नाही.

तुझ्यावरही आहे. पण तुझं पत्र मी तंबूत माझ्या उशाखाली ठेवलं होतं, हेही खरं.

डिसेंबरात घरी येते, आठ दिवस. स्टेशनवर येऊ नकोस. बस माहीत आहे मला.

मुंगी


८ नोव्हेंबर

प्रिय ढमे,

मुंगीचं पत्र आलं. आता मला कळलं, आणि तुला आधीच ठाऊक होतं.

तुझं तेवीस तारखेचं पत्र काढून परत वाचलं. कुंडीतलं तण, मेट्रनबाई, पिवळी छत्री. म्हणजे ती तुझ्यापासून चार पावलांवर तापाने फणफणत पडली होती आणि तू मला छत्रीचं लिहीत होतीस. मला तुझा इतका राग आला की मी चादरींच्या खोलीत गेले आणि घडी घातलेल्या पन्नास चादरी मोडून पुन्हा घातल्या. तिसाव्या चादरीला कळलं, राग तुझा नाही. तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच तासाला सांगितलं असतं. मी पळत आले असते, आणि ती मला बघून पुन्हा पेटीत जाऊन पडली असती. तू सांगितलं नाहीस म्हणून ती तुझ्याकडे आली. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, तेव्हा मानले असं समज. छत्री मात्र परत पाठव.

ते दूध, ढमे. पाच वर्षं मोरीत! मी रोज रिकामा पेला बघून वहीत लिहायचे, अडीचशे मिली. यांना सांगितलं तर हे खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. यांना माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि मी लिहीत बसते.

काल सात नंबरचं बाळ घरी सोडलं. त्याच्या आईने विचारलं, "सिस्टर, किती किती वेळाने बघू याच्याकडे?" एरवी मी छापील कागद देते. काल मी म्हटलं, "बघावंसं वाटेल तेव्हा बघ. पण मधेमधे जेवत जा, खिडकीबाहेर बघत जा." ती गोंधळली. मीही गोंधळलेच. मग मी तिला कागदही दिला.

आता दुपारचे चार वाजलेत. पेट्यांवर ऊन आलंय, पडदा ओढायला हवा. आज मी कोणाला फोन केलेला नाही.

तापात तिने एकदा तरी मला हाक मारली का गं?

वरची ओळ मी खोडली आहे. आपल्याला शिकवलं तशीच खोडली आहे: गिरबटायचं नाही, कागद फाडायचा नाही, मधून एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. खाली काय लिहिलं होतं ते तुला वाचता येईल, ते लपवायचं नसतंच. पण रेघ मारलेल्या नोंदीवर पुढच्या सिस्टरने काही करायचं नसतं.

तू काही करू नकोस.

तुझी,
घड्याळबाई